कसलेली कंबर आणि कोंडलेला दम

मराठी भाषेने कंबरेवर जेवढा भार टाकला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवावर टाकला असेल. कामाला लागावयाचे तर आपण कंबर कसतो, संकट कोसळले म्हणजे कंबर खचते, महागाई कंबर मोडते. आणि वक्ता संस्कृताचा थोडाबहुत संस्कार झालेला असला म्हणजे तो जनतेच्या कल्याणासाठी कटिबद्ध असतो, मग त्याच्या कटीला प्रत्यक्षात काही बांधलेले असो वा नसो. या साऱ्या शब्दप्रयोगांच्या मुळाशी एक साधा शिरस्ता आहे. शेतात, वाटेवर, लढाईत किंवा ओझ्याखाली उतरण्यापूर्वी पुरुष धोतराचा काचा मारी, उपरणे कंबरेभोवती आवळी, बाई पदर खोची, आणि काम संपले की बांधलेले सोडून ओसरीवर पाय पसरून बसे. कसण्यामागून सोडणे ठरलेलेच होते. भाषेने फक्त कसण्याचा वाक्प्रचार केला, कारण विश्रांतीला वाक्प्रचाराची गरज पडत नाही.

मात्र कंबर कसल्याने कंबर बारीक होते, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. ते मी ऐकले गेल्या हिवाळ्यात, साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर. आणि ऐकविणारी माझी सख्खी भाची होती.

सातारकरांना पहाटे किल्ल्यावर जाण्याचे व्यसन आहे, आणि ते व्यसनांतले बहुधा सर्वांत निरुपद्रवी असावे. कोणी किल्ल्याच्या रस्त्याने जातो, कोणी यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेला धावतो. मी मूळचा सांगलीचा, म्हणजे सपाटीवरचा माणूस. कृष्णाकाठच्या वाटेवरून आणि आमराईतून फेरी मारणे एवढाच माझा पराक्रम. तरीही त्या दिवशी भाचीच्या मागोमाग मी बऱ्यापैकी चाललो होतो. उलट थांबत होती तीच. तिसऱ्या वळणावर ती कठड्याला टेकली आणि म्हणाली, ‘मामा, जरा थांबा. दम लागला.’ वयाने ती माझ्या निम्मी आहे. मी काळजीने विचारपूस केली तेव्हा तिने जर्किनची चेन खाली ओढून आतला मुद्देमाल दाखविला. बरगड्यांच्या खालच्या काठापासून ओटीपोटापर्यंत उतरलेला, रबरासारख्या जाड कापडाचा काळा पट्टा. पुढच्या बाजूस हुकांच्या तीन उभ्या ओळी, म्हणजे आज पहिलीत अडकवावयाचे, महिन्याने दुसरीत, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरीत. आत शिवलेल्या चार लवचिक पट्ट्या, कापडाची गुंडाळी होऊ नये म्हणून. तिने वरचा हुक काढला तेव्हा आतले अस्तर घामाने निथळत होते, आणि तोच तिच्या समाधानाचा विषय होता. ‘दुकानदार म्हणाला, व्यायामाच्या वेळी घातला की पोट लवकर उतरतं. बघा ना घाम किती येतो!’

हा पट्टा आता गावोगाव पोहोचला आहे. कोणी त्याला स्लिम बेल्ट म्हणते, कोणी टमी बेल्ट, आणि व्यायामशाळेतील तरुण मंडळी वेस्ट ट्रेनर म्हणतात. मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकविले असल्याने निवृत्तीनंतरही कोणी असे काही दाखविले की माझ्यातला मास्तर जागा होतो. घरी आल्यावर मी भाचीच्या शिवणाच्या डब्यातील टेप मागितली. वाचकांनाही तो प्रयोग करावयास हरकत नाही. टेप बरगड्यांच्या खालच्या कडेवरून पाठीमागून पुढे घ्यावी, श्वास पूर्ण सोडून माप पहावे, मग पूर्ण घेऊन पुन्हा पहावे. असे एकदा पट्टा घालून करावे आणि एकदा काढून. दोन्ही वेळच्या फुगण्यातील अंतर समजण्यास चष्म्याची आवश्यकता नसते.

याचे कारण असे. श्वास छातीने घेतला जातो अशी आपली समजूत असली तरी त्याचे मुख्य यंत्र छातीच्या तळाशी, छाती आणि पोट यांच्या सीमेवर आडवे ताणलेले असते. त्याला आपण श्वासपटल म्हणतो. ते घुमटासारखे वर फुगलेले असते आणि श्वास आत घेताना सपाट होत खाली सरकते. स्वस्थ बसलेल्या माणसात हे सरकणे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर एवढेच, पण खोल श्वासात ते सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. आता खाली सरकावयाचे म्हणजे खाली जे कोणी राहते त्याने जागा करून द्यावी लागणार. तिथे यकृत आहे, जठर आहे, आतड्यांची वेटोळी आहेत, आणि ही सर्व मंडळी दाबून लहान होणारी नव्हेत. ती पुढे सरतात, पोटाची भिंत ढिली होऊन त्यांना वाट देते, म्हणूनच झोपलेल्या तान्ह्या मुलाचे पोट श्वासागणिक वर येताना दिसते. खालच्या बरगड्याही बादलीच्या कडीसारख्या बाहेर उचलल्या जातात. पोटाची भिंत आणि खालच्या बरगड्या, या दोन्ही हलत्या जागा नेमक्या एकाच वेळी बांधून टाकण्याची तजवीज ज्या वस्तूत आहे ती म्हणजे हा पट्टा.

बसून पेपर वाचणाऱ्यास त्याने फारसे बिघडत नाही. स्वस्थ माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा, म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटरांत त्याचा संसार भागतो. परंतु चढण चढताना किंवा धावताना हीच मागणी दहापट आणि त्याहूनही अधिक वाढते. कसलेल्या धावपटूंची तर मिनिटाला शंभर लिटरांच्या पलीकडे जाते. खाली जाण्याची वाट अडविलेली असली म्हणजे माणूस वरच्या छातीने उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागतो, खांदे आणि मानेचे स्नायू कामाला जुंपतो, आणि त्या स्नायूंचा खर्चही त्याच रक्तातून भागवावा लागत असल्याने पायांना मिळावयाचा वाटा तुटतो. भाचीला तिसऱ्या वळणावर जो दम लागला तो चढणीचा थोडा आणि हुकांचा पुष्कळ होता. असा माणूस एकाएकी चक्कर येऊन बसला तर नवल नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती कादंबऱ्यांतील स्त्रिया ऊठसूट मूर्च्छित पडत, त्यात भावनेचा भाग किती आणि कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटचा किती याचा निवाडा वाङ्मयसमीक्षकांनी अद्याप केलेला नाही.

सांगलीस परतल्यावर मी हा विषय एका वस्तादांपुढे काढला. आमच्या भागाला कुस्तीचे तज्ज्ञ शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे; १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके आणणारे मारुती माने कवठेपिरानचे आणि गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे. ज्या मुलखात पोरे चालावयास लागल्यावर थोड्याच दिवसांत लाल मातीत लोळावयास लागतात तिथे कंबरेला काय बांधावे आणि कुठे बांधावे याचे ज्ञान पुस्तकांत शोधण्याचे कारण नाही. वस्तादांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि एका मुलाला हाक मारून त्याला लंगोट बांधून दाखविण्यास फर्माविले. पोराने बंदांचे वेढे घेतले ते बेंबीच्या चार बोटे खाली, कंबरेच्या दोन्ही हाडांवर टेकवून. उरलेला पट्टा मांड्यांमधून मागे घेऊन असा खेचून खोचला की जांघेला आधार मिळावा, आणि पोट मात्र टांगलेल्या पडद्यासारखे मोकळे. वस्ताद म्हणाले, ‘गुरुजी, दम छातीत नसतोय, पोटात असतोय. पोट आवळलं की गडी पाच मिनटांत तोंड उघडतोय.’ श्वासपटलाचा धडा मी पंचवीस वर्षे शिकविला, पण तो एवढ्या थोडक्यात मला कधी सांगता आला नव्हता.

घामाच्या प्रश्नावर तर त्यांना हसू आले. कुस्तीगीर वजनाच्या गटात बसण्यासाठी स्पर्धेच्या आधी घाम काढून दोन-तीन किलो उतरवितात, ही तालमीत रोजची गोष्ट आहे, आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर पाणी आणि भात पोटात जाताच ते वजन संध्याकाळपर्यंत परत येते, हीही. एक लिटर घाम म्हणजे एक किलो वजन. त्यात चरबीचा अंशही नसतो. घामाचे प्रयोजन शरीर थंड करणे एवढेच असून ते कामही तो अंगावर साचून नव्हे तर वाफ होऊन उडून जाऊन करतो: एक लिटर घामाची वाफ होताना शरीराबाहेर सुमारे ५८० उष्मांक उष्णता जाते. रबरी पट्ट्याखाली घाम येतो पण उडत नाही. म्हणजे पाणी गेले ते गेलेच आणि गारवाही मिळाला नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांजवळ रेंगाळत असताना सांगलीत असा व्यवहार करणे हे दुहेरी नुकसान आहे. अमेरिकेत १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात सुमारे महिन्याभरात महाविद्यालयांतील तीन तरुण कुस्तीगीर वजन उतरविण्याच्या नादात दगावले. गरम खोलीत, घाम बाहेर न सोडणारे कपडे घालून ते व्यायाम करीत होते. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाखांस मनाई झाली. कंबरेचा पट्टा त्या पोशाखाहून पुष्कळच लहान आहे हे खरे. पण जात एकच.

मग चरबी जाते कशाने? येथे थोडे गणित करू. अजिंक्यताऱ्याची चढण शहरापासून ढोबळमानाने तीनशे मीटर. साठ किलोंचा देह तेवढा वर नेण्यास प्रत्यक्ष लागणारी ऊर्जा चाळीस-बेचाळीस उष्मांकांची. परंतु स्नायू हे मोठे उधळे यंत्र असून चार-पाच उष्मांक जाळतात तेव्हा त्यांतला एक कामी लावतात, म्हणून खर्च दोनशेच्या आसपास पडतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. म्हणजे किल्ला अडतीस-चाळीस वेळा चढावा, आणि चढून आल्यावर मिसळीच्या दुकानाकडे पाहू नये, तेव्हा कोठे किलोभर चरबीचा हिशेब चुकता होतो. तीही शरीर आपल्या मर्जीने सगळीकडून थोडी थोडी काढते. जिथे पट्टा बांधला किंवा ज्या स्नायूला राबविले तिथूनच ती काढावी असा हुकूम त्याला देता येत नाही. पट्टा सोडल्यावर आरशात जी बारीक कंबर क्षणभर दिसते ती दाबलेल्या उशीची असते. थोडा वेळ गेला की उशी पूर्ववत होते.

या प्रकरणाला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा एक जुना धागा आहे, आणि तो मला फार मौजेचा वाटतो. खटाव तालुक्यातील औंध हे पूर्वी संस्थान होते; त्याचा आटपाडी महाल आज सांगली जिल्ह्यात आहे. तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार सबंध देशात आणि देशाबाहेर केला, एवढे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यांनी व्यायामाचा श्रीगणेशा सूर्यनमस्काराने केला नव्हता. त्या काळी युजीन सँडो या युरोपीय मल्लाचे नाव जगभर गाजत होते. बाळासाहेबांनी १८९७ साली त्याची पुस्तके आणि साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने निष्ठेने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास त्यांचे स्नेही, मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन, हेही बाळासाहेबच, यांनी त्यांना नियमित सूर्यनमस्कार घालण्याची मसलत दिली आणि औंधच्या बाळासाहेबांनी सँडोची साधने बाजूस सारली. नंतर संस्थानच्या शाळांतून मुलेमुली नमस्कार घालू लागली, आणि १९३८ साली लंडनहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले.

इकडे मिरजेच्या सल्ल्याने औंध मोकळ्या अंगाने वाकू-उठू लागले असता, तिकडे त्याच सँडोने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काय करावे? लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतःच्या नावाचे आरोग्यदायक कॉर्सेट विकावयास काढले. ज्याने उभ्या जगाला स्नायू बळकट करावयास शिकविले त्यानेच स्नायूंचे काम पट्ट्याकडे सोपविण्याचाही धंदा करावा, यात व्यापाराची एक नीती दिसते. तिला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही, कारण व्यायामशाळा आणि पट्टा एकाच काउंटरवर विकण्याची युक्ती आजही तितकीच चालते.

कॉर्सेट म्हणजे आमच्या भाचीच्या पट्ट्याची आजी. देवमाशाच्या तोंडातील लवचिक पाती किंवा पोलादी पट्ट्या कापडात शिवून, पाठीमागे नाड्यांनी आवळून, युरोपातील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या ती घालीत आल्या. १८८१ साली लंडनमध्ये सुटसुटीत पोशाखाचा पुरस्कार करणारी स्त्रियांची संस्था निघाली. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर फ्रान्समधील डॉक्टर लुडोविक ओफॉलोवेल यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कॉर्सेट घातलेल्या स्त्रियांच्या बरगड्यांची छायाचित्रे छापली. खालच्या बरगड्या आत ओढल्या जाऊन छातीचा पिंजरा खाली निमुळता होत गेलेला त्यांत दिसतो. हे डॉक्टर कॉर्सेटचे शत्रू नव्हते, त्यांचा कटाक्ष अति आवळण्यावर होता. म्हणूनच त्यांची साक्ष मला अधिक वजनदार वाटते. आता सूर्यनमस्कार घालणाऱ्याकडे पहा. एका अवस्थेत पोट मांड्यांवर चेपले जाते, दुसऱ्या अवस्थेत कणा कमानीसारखा मागे वळून तेच पोट ताणले जाते, आणि प्रत्येक वळणाला श्वासाची जोड असते. आत चार उभ्या पट्ट्या शिवलेला पट्टा घालून हे करावयास गेल्यास त्यांची वरची टोके बरगडीत रुतणार आणि खालची जांघेत. करून पाहण्याची गरज नाही. मी पाहिले आहे.

एवढे ऐकल्यावर व्यायामशाळेत जाणारा एखादा तरुण हरकत घेईल की मग वजन उचलणारे चामड्याचा पट्टा का बांधतात? प्रश्न रास्त आहे, आणि बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणणारा संकेत सरगर ज्या सांगलीचा, तेथे त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊन चालणार नाही. भारोत्तोलनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो पट्टा १२ सेंटिमीटरांहून रुंद असता कामा नये, म्हणजे तो बरगड्यांना बांधत नाही. तो पोट आत ढकलण्यासाठी नसून पोटाने त्याच्यावर बाहेर रेटण्यासाठी असतो. उचलणारा श्वास भरून घेतो, पोटाचे स्नायू पट्ट्यावर दाबतो, त्यामुळे उदरपोकळीत दाब वाढून कण्याला आतून टेकू मिळतो. काही सेकंदांत वजन खाली येते आणि पट्टा सैल होतो. तोही जवळजवळ शिकस्तीच्या वजनांसाठीच. श्वास कोंडून असा जोर करताना रक्तदाब क्षणभर पुष्कळ चढतो, म्हणून ज्यांस रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी वैद्यास विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये. तासभर चालण्यासाठी, धावण्यासाठी किंवा योगासनांसाठी घातलेला रबरी पट्टा आणि हा चामडी पट्टा यांत साम्य एवढेच की दोन्ही कंबरेला असतात.

आमच्या मार्केट यार्डात हळदीची आणि गुळाची वाहतूक करणारे हमाल पूर्वी कंबरेला फडके घट्ट बांधीत. आता काहींच्या कंबरेला तयार पट्टे दिसतात. ओझे उचलणाऱ्याची पाठ अशा पट्ट्याने वाचते काय, याचा अमेरिकेत मोठा शोध घेण्यात आला. एका किरकोळ विक्रीच्या साखळीच्या १६० दुकानांतील ९,३७७ कामगारांवर लक्ष ठेवून काढलेला निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला: पट्टा बांधणाऱ्यांच्या आणि न बांधणाऱ्यांच्या पाठदुखीत किंवा नुकसानभरपाईच्या दाव्यांत काही फरक आढळला नाही. पट्ट्याने स्नायू लुळे पडतात असेही व्यायामशाळेत छातीठोकपणे सांगितले जाते. थोड्या वेळाच्या वापराने तसे होते याला भक्कम पुरावा नाही, आणि विरुद्ध बाजूचीही अतिशयोक्ती आपण करू नये. ज्याला पट्ट्यावाचून बादली उचलवत नाही असे वाटू लागले त्याची अडचण बहुधा स्नायूंहून मनाची असते.

बाळंतिणीचे पोट बांधण्याचा प्रकार याहून नाजूक आहे, आणि भाचीचे खरे दुखणे तेथेच होते. धाकटा तीन वर्षांचा झाला तरी पोट उतरेना, आणि आमच्या बहिणीचे म्हणणे असे की बाळंतपणात नीट बांधले नाही त्याचा हा परिणाम. आमच्या घरी पूर्वी तेलमालीश, शेक-शेगडी झाल्यावर सुईण जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा पोटावरून गुंडाळी. बाळंतीण तेव्हा बाजेवर असे, किल्ला चढत नसे. शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणानंतर डॉक्टरही कधी पट्टा देतात. टाके दुखत असताना उठण्या-चालण्यास त्याचा आधार होतो, हे त्याचे खरे काम. गर्भारपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात आणि बाळंतपणानंतर पुष्कळ स्त्रियांत ते काही महिन्यांत जवळ येतात. ज्यांत येत नाहीत त्यांना योग्य व्यायाम लागतो, नुसते गुंडाळून ते शिवले जात नाहीत.

शिवाय दाबाला बाहेरची वाट बंद केली म्हणजे तो नाहीसा होत नाही, तो वर आणि खाली जातो. वर गेला की जठरातील आम्ल घशाशी येते, छातीत जळजळते. खाली गेला की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो, आणि बाळंतपणाने तेच आधी सैलावलेले असतात. खोकताना, उडी मारताना थेंब-थेंब लघवी होणे, खाली ओढल्यासारखे वाटणे, अंग बाहेर येणे, या तक्रारी असलेल्या बाईने पट्टा आवळून दोरीच्या उड्या मारणे म्हणजे गळक्या पिशवीचे तोंड बांधून ती दाबण्यासारखे आहे. गर्भारपणात, हर्नियात, दम्यात हे प्रकरण मुळीच नको. मांडीच्या बाहेरच्या बाजूस मुंग्या किंवा आग होऊ लागली तर कंबरेच्या हाडाजवळून जाणारी मज्जातंतूची एक शाखा चेपली जात आहे असे समजून पट्टा त्याच क्षणी सोडावा.

राहता राहिली कातडी. तिचे कोणी मनावर घेत नाही, पण तिचा इतिहास आमच्याच लोकांनी लिहिला आहे. १९४५ साली मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी भारतीय राहणीशी निगडित अशा कर्करोगांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात कंबरेवर धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने होणाऱ्या कर्करोगाचा समावेश होता. पुढे साडीखालच्या परकराच्या नाडीने होणाऱ्या तशाच रोगाची नोंद झाली. आणि २०२४ साली वर्ध्याजवळच्या सावंगी येथील आणि बिहारातील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कुशीवर अठरा महिने न भरणारी जखम होती, त्यांचा परकर नऊवारीखाली नाडीने आवळलेला असे. दुसऱ्या बाई चाळीस वर्षे परकराविना लुगडे कंबरेला करकचून गुंडाळीत आल्या होत्या. असा रोग अत्यंत विरळा आहे आणि त्याला अनेक वर्षांचे घर्षण लागते, तेव्हा महिनाभर पट्टा घालणाऱ्याने घाबरून जाऊ नये. परंतु घाम, घर्षण आणि दाब यांच्या संगनमताने पुरळ, खाज आणि गजकर्ण मात्र महिन्याभरातही होते. नाडी रुंद असावी, रोज तिची जागा थोडी बदलावी, घरी आल्यावर सैल करावी, कातडी काळवंडली किंवा सोलवटली तर दाखवून घ्यावी, हे माझ्या आत्याला कोणी सांगितले नव्हते. तिच्या कंबरेभोवती कोळशाने ओढल्यासारखी एक रेघ होती आणि आम्हां मुलांना ती रेघ म्हणजे मोठ्या बायकांना असतेच असा दागिना वाटे.

भाचीला हे सर्व मी एका बैठकीत सांगितले असे नव्हे. तिला नोकरी आहे, आणि माझ्या तासांना आता घंटा नसते. किल्ला ती अजून चढते, पट्ट्यावाचून. मात्र पट्टा तिने टाकला नाही. फाल्गुनात कऱ्हाडास घरचे लग्न होते तेव्हा तिने फोन करून विचारले की पैठणीखाली दोन तास घातला तर चालेल का. मी म्हटले, ‘घाल की, बसून राहणार असशील आणि पंगतीला बसणार नसशील तर.’ ती पंगतीला बसली. श्रीखंडाची दुसरी वाढ आली तेव्हा ती पानावरून उठली, माझ्यामागून जाताना वाकून हळूच म्हणाली, ‘मामा, पान उचलू देऊ नका, हुक सोडून येते,’ आणि आतल्या खोलीकडे गेली.